जेवणाच्या सुट्टीत सांगितलेलं काम

महाळुंगे,
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय देवणीकर सर,

मी मिनल सोळुंके. औशाच्या शाळेत २०१४ साली दहावीला तुमच्या वर्गात होते. तुम्हाला आठवणार नाही. मी पुढे बसणाऱ्यांतली नव्हते आणि मागे बसून दंगा करणाऱ्यांतलीही नव्हते.

तुम्ही मुलाकडे पिंपळे सौदागरला राहायला आलात असं गावाकडून कळलं, म्हणून मिळालेल्या नंबरवर फोन केला. तो तुमच्या सूनबाईंनी, तनुजाताईंनी उचलला. त्या म्हणाल्या, "बाबांना आता अजिबात ऐकू येत नाही, आणि मोबाईल ते हातात घेत नाहीत. काही असेल तर लिहून पाठवा." त्यांनी बोलायच्या ओघात म्हटलं असेल. मी खरंच लिहायला बसले.

सर, मी इथे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तीन वर्षं आहे, कॉन्ट्रॅक्टवर. प्रेसमधून, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनमधून, बाहेर आलेला भाग तपासून पुढे द्यायचा, हे माझं काम. जानेवारीत आमच्या लाईनला लीडरची जागा भरणार आहेत. ती मिळाली तर मी कायम होईन. आमचे सुपरवायझर ज्ञानेश साहेब माझं नाव सुचवणार आहेत, पण मुलाखत इंग्रजीत आहे.

मला शब्द येतात. पण 'टू' लावून क्रियापद आलं आणि त्याच्यामागे इन, ऑन, फॉर, विथ असले बारके शब्द आले की मी अडते. मागच्या महिन्यात बाहेरून पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, तू इकडे चाकणला का आलीस? मी म्हणाले, "आय केम हिअर टू लूक अ जॉब." सगळे हसले. मीही हसले, पण कशाला हसले ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं.

प्रेसवर आपल्याच भागातले, निलंग्याकडचे नवनाथभाऊ आहेत. त्यांची बायको यशोदाबाई माझ्यासाठी त्यांच्या डब्यात एक भाकरी जास्त घालतात. तुम्हाला लिहायचं नवनाथभाऊंनीच सुचवलं. म्हणाले, "सरला इचार की. सर कशाला न्हाई म्हंतील?"

तुम्ही पत्रातून शिकवाल का?

तुमची विद्यार्थिनी,
मिनल


पिंपळे सौदागर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मिनल,

खोटं कशाला लिहू, तुझा चेहरा आठवला नाही. हजेरीपटावरचं नाव आठवलं. तुझ्या आधी 'सूर्यवंशी' आणि नंतर 'हिप्परगे' यायचं, एवढं पक्कं सांगतो.

पत्र तनुजाने माझ्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं बँकेचं असेल. दोनदा वाचलं. या घरात मला कुणी वाईट वागवत नाही. ओंकार आणि तनुजा सकाळी साडेआठला कामाला जातात, रात्री येतात. माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं किंवा लिहावं लागतं, आणि दमून आलेल्या माणसाला दोन्ही नको वाटतं. जेवायच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात 'गोळी घेतली का' आणि 'गॅस बंद करा' हेच जास्त असतं. बायको होती तोवर तिच्या ओठांवरून मला सगळं कळायचं. या मुलांचे ओठ फार भरभर हलतात.

आता तुझा धडा. मराठीत 'राहायला खोली' म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत 'अ रूम टू लिव्ह' म्हणून थांबलीस तर वाक्य लंगडतं. 'अ रूम टू लिव्ह इन.' तो शेवटचा 'इन' हवाच. कारण माणूस खोली राहत नाही, खोलीत राहतो. आपण ते 'त' खोलीला चिकटवतो, तेही गरज पडली तर. इंग्रजीत तो शब्द सुटा असतो आणि तो कुठेतरी ठेवावाच लागतो. तसंच 'अ पेन टू राइट विथ', 'अ चेअर टू सिट ऑन'. आणि नोकरी शोधायला आलीस तर 'टू लूक फॉर अ जॉब'. तू 'फॉर' गाळलास, म्हणून तू नोकरी 'बघायला' नव्हे, काहीतरी भलतंच करायला आलीस असं झालं.

पाच वाक्यं करून पाठव. पुस्तकातली नकोत. तुझ्या खोलीतली, तुझ्या कंपनीतली हवीत. समासासाठी जागा सोड, मला लाल शाईने लिहायला लागते.

तुझा,
ल. देवणीकर


महाळुंगे,
२९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,

उशीर झाला. सलग दहा दिवस ओव्हरटाइम होता. तुमचं पत्र घरमालकीण कौशल्याबाईंनी तांदळाच्या डब्याखाली जपून ठेवलं होतं. देताना म्हणाल्या, "आता कोन पत्र लिवतंय गं? कोर्टाचं तर न्हाई?" मी म्हटलं, शाळेचं आहे. त्या म्हणाल्या, "व्हय? एवढी मोठी झालीस तरी शाळा सुटंना तुजी."

माझी वाक्यं:

आय हॅव अ रूम टू लिव्ह इन.
देअर इज अ बस टू गो टू द कंपनी इन.
आय हॅव ग्लव्ह्ज टू वर्क विथ.
नवनाथभाऊ गिव्ह्ज मी भाकरी टू ईट विथ हिम.
आय हॅव नोबडी टू टॉक.

पाचवं सुचायला वेळ लागला, मग जे होतं ते लिहिलं. सर, इथे माणसं फार आहेत. आमच्या चाळीत अकरा खोल्या, प्रत्येक खोलीत तीन-चार जण, पण शिफ्ट वेगवेगळ्या. माझ्या खोलीत पूनम म्हणून मुलगी आहे. ती रात्रपाळीला, मी दिवसपाळीला. सहा महिन्यांत आम्ही एकमेकींना जास्त करून झोपलेलंच पाहिलं आहे. लाईनवर मशीनच्या आवाजात बोलता येत नाही. जेवायच्या सुट्टीत नवनाथभाऊ बोलतात, तेवढंच. परवा ते त्यांच्या हाताकडे बघून म्हणाले, "ह्या हातानं मी दिसाला तीन हजार पार्ट काढतो, आन् ह्ये पार्ट बसवल्याली एक गाडी चालताना अजून वळखू आली न्हाई."

आमची सुट्टी गुरुवारी असते. १२ डिसेंबरच्या गुरुवारी मी तुम्हाला भेटायला आले तर चालेल का?

मिनल


पिंपळे सौदागर,
५ डिसेंबर २०२४

चि. मिनल,

१२ तारखेला अवश्य ये. मी घरीच असतो, वेगळं सांगायला नको. नववा मजला, ९०४.

वाक्यं तपासली. पहिलं बरोबर. दुसऱ्यातला शेवटचा 'इन' चूक नाही, पण बोजड होतो. 'अ बस टू गो टू द कंपनी' एवढ्यावर थांबलीस तरी चालतं. तिसरं बरोबर. चौथं वाचताना भाकरी नवनाथबरोबर खायची की नवनाथ भाकरीबरोबर खायचा, असा क्षणभर प्रश्न पडला. पण अर्थ लागला आणि बरं वाटलं.

पाचव्यात शेवटी 'टू' राहिला. 'आय हॅव नोबडी टू टॉक टू.' लाल शाईने लिहिला आहे, बघ. ही चूक मी चाळीस वर्षं दुरुस्त केली. चुकीच्या पलीकडे ते वाक्य काय म्हणतं, ते या वेळी पहिल्यांदा वाचलं.

आज पुढची पायरी. 'टू' घेतलेल्या क्रियापदाच्या मागे असा गट आला की तो नेमका कुणाचा, हे तपासायचं. उदाहरण देतो: 'फादर टोल्ड गणराज टू कम इन द ईव्हनिंग.' वडिलांनी संध्याकाळी सांगितलं, की संध्याकाळी यायला सांगितलं? 'इन द ईव्हनिंग' दोन्हीकडे बसतं. बोलताना आवाजावरून कळतं. कागदावर आवाज नसतो. म्हणून जिथे घोटाळा होईल तिथे तो गट उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचा: 'इन द ईव्हनिंग, फादर टोल्ड गणराज टू कम.' मग सांगणं संध्याकाळचं, हे पक्कं. मुलाखतीत एवढं कुणी बघणार नाही. पण लीडर झालीस की रोज लेखी सूचना द्याव्या लागतील, तेव्हा उपयोगी पडेल.

गुरुवारी सांग, गोड खातेस ना?

ल. देवणीकर


महाळुंगे,
२० जानेवारी २०२५

आदरणीय सर,

दीड महिना लिहिलं नाही, माफ करा. मध्ये बरंच घडलं.

आधी चांगलं सांगते. मी लाईन लीडर झाले. १३ तारखेला पत्र मिळालं. मुलाखतीत मी एकदाही अडले नाही.

वाईट असं की २७ डिसेंबरला नवनाथभाऊंचा अपघात झाला. प्रेसमध्ये डाय असते, म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. त्यात पत्र्याचा कचरा अडकतो, तो काढावा लागतो. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कचरा काढताना त्यांचा उजवा हात आत सापडला. दोन बोटं गेली, तिसरं वाकत नाही. मी चार पावलांवर होते.

कंपनीने चौकशी केली. मी जवळ होते म्हणून माझा जबाब घेतला. मी इंग्रजीत लिहिला. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'सुपरवायझर टोल्ड नवनाथ टू क्लीन द डाय इन द लंच ब्रेक.' मला म्हणायचं होतं की साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्यांनी अर्थ घेतला की जेवणाच्या सुट्टीत साफ करायला सांगितलं, म्हणजे मशीन बंद असताना. मग नवनाथभाऊंनी ते तेव्हा केलं नाही, नंतर चालू मशीनमध्ये स्वतःहून हात घातला, असं ठरलं. अहवालात त्यांचाच निष्काळजीपणा लिहिला आहे. ते अजून काळेवाडीला घरीच आहेत. कामावर परत घेतील की नाही ते कुणी सांगत नाही.

सर, तुम्ही ५ डिसेंबरच्या पत्रात हेच लिहिलं होतं. माझ्याकडून चूक झाली. यशोदाबाई सगळ्यांना सांगतात की मी साहेबांची बाजू घेतली. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही.

माझी एक विनंती आहे. या वाक्याचे दोन अर्थ होतात असं तुम्ही एका कागदावर लिहून सही करून द्याल का? तुम्ही इंग्रजीचे शिक्षक होता, तुमच्या सहीला वजन आहे. तो कागद मी यशोदाबाईंना दाखवेन. चूक माझी नाही, इंग्रजीची आहे, हे त्यांना कळलं तरी पुरे.

मिनल


पिंपळे सौदागर,
२५ जानेवारी २०२५

चि. मिनल,

तुझं पत्र वाचून आधी माझाच राग आला. असल्या वाक्याचा धोका मी गणराज आणि संध्याकाळ असल्या पोरकट उदाहरणाने सांगितला. यंत्रांमध्ये वावरणाऱ्या मुलीला यंत्राचं उदाहरण द्यायला हवं होतं. मी आयुष्यात कारखाना आतून पाहिलेला नाही. इथल्या गॅलरीतून फक्त समोरच्या सोसायटीची गॅलरी आणि खाली आमचं फाटक दिसतं.

तू म्हणतेस तो कागद मी लिहिला. दोन अर्थ कसे होतात ते नीट मांडलं, सही केली, खाली 'निवृत्त मुख्याध्यापक' असंही लिहिलं. तो माझ्यासमोर आहे. पाकिटात घालताना एक गोष्ट खटकली, म्हणून थांबलो.

मिनल, साहेबांनी नवनाथला जेवणाच्या सुट्टीत नेमकं काय सांगितलं? 'डाय साफ कर' एवढंच? की कधी कर, कशी कर, हेही सांगितलं? ते सांगितलं असेल तर तुझ्या वाक्यात का नाही? जो भाग वाक्यात आहे, त्याचे दोन अर्थ मी दाखवू शकतो. जो लिहिलाच नाही, त्याचं व्याकरण माझ्याकडे नाही.

एवढं कळव, मग कागद पाठवतो.

दुसरं असं की १२ डिसेंबरला तू आली नाहीस. ओव्हरटाइम असणार, मी समजलो. तनुजाने थर्मासमध्ये चहा करून ठेवला होता. संध्याकाळी मीच प्यायलो.

ल. देवणीकर


महाळुंगे,
९ फेब्रुवारी २०२५

सर,

मी १२ डिसेंबरला आले होते.

खाली वॉचमनने तनुजाताईंना विचारलं, त्यांनी मोबाईलवरून हो म्हटलं, मग मला वर सोडलं. मी ९०४ ची बेल वाजवली. दोनदा, मग थांबून आणखी दोनदा. दारावरही थाप मारली. आतून पंख्याचा आवाज येत होता. मी जवळजवळ अर्धा तास उभी होते. शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कुरिअर असेल तर खाली ठेवा. मी लाडू आणले होते, ते परत घेऊन गेले. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला आधीच माहीत होतं. तरी बसमध्ये बसल्यावर वाटलं, एवढं वाजवलं, मुद्दामच उघडलं नसेल. कारखान्यातली पोरगी घरात कशाला, असं कुणालाही वाटू शकतं. म्हणून मी लिहिणं बंद केलं. मग अपघात झाला आणि मला तुमची गरज पडली, म्हणून पुन्हा लिहिलं. हे वाईट आहे, पण खरं आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

साहेब कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलाजवळ आले. नवनाथभाऊंचा हात अजून डब्यात होता. साहेब म्हणाले, "नवनाथ, आता पुन्हा चालू झालं की डायमधला कचरा काढत जा, पण मशीन थांबवू नको. सेफ्टीची जाळी वर ठेव आणि काढ. सकाळी चार वेळा थांबवलंस, आजचा आकडा निघणार नाही." नवनाथभाऊ म्हणाले, "साहेब, हात जातो त्यात." साहेब म्हणाले, "इतकी वर्षं गेला का?" मी समोरच बसले होते. मी भाकरी खात होते.

जबाबाच्या दिवशी एचआरचे साहेब म्हणाले होते, "मिनल, मराठीत लिहिलंस तरी चालेल." मी म्हटलं, इंग्रजीत लिहिते. ज्ञानेश साहेब दाराशी उभे होते. मला कुणी धमकी दिली नाही. कुणी काही सुचवलंही नाही. पुढच्या आठवड्यात माझी मुलाखत होती आणि माझं नाव तेच देणार होते, एवढंच.

मराठीत लिहायला घेतलं असतं तर 'सुट्टीत' हा शब्द कुठे ठेवायचा ते मला ठरवावं लागलं असतं. 'मशीन न थांबवता' हेही लिहावं लागलं असतं, कारण मराठीत ते माझ्या कानात जसंच्या तसं होतं. इंग्रजीत मी ते सोडू शकले. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. सर, मला ते वाक्य दोन्हीकडे बसतं हे माहीत होतं. म्हणूनच मी ते लिहिलं. म्हटलं, मी खोटं लिहिलेलं नाही. ज्याला जो अर्थ घ्यायचा तो घेऊ दे.

त्यांनी घेतला.

तुमचा कागद पाठवू नका.

मिनल


पिंपळे सौदागर,
१४ फेब्रुवारी २०२५

मिनल,

१२ डिसेंबरला मी सकाळी अकरापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो. तिथून सोसायटीचं फाटक दिसतं. नवव्या मजल्यावरून माणसं ओळखू येत नाहीत, पण मला वाटलं, एकटी मुलगी आत येताना दिसली की दार उघडून उभा राहीन. मी फाटकाकडे बघत राहिलो आणि तू माझ्या पाठीमागे दार वाजवत होतीस. हे मला काल तनुजाला विचारल्यावर नीट कळलं. ती म्हणाली, "अहो, मी तर हो म्हटलं होतं, मला वाटलं भेटून गेली." हे सगळं तिने वहीत लिहिलं. तिने एवढं मोठं पहिल्यांदाच लिहिलं, आणि खाली 'चुकलं माझं' असंही लिहिलं. तिचं काही चुकलेलं नाही. काल ओंकारने दाराला दिवा लागणारी बेल बसवली. हे दोन वर्षांपूर्वी मला मागता आलं असतं. मागितलं नाही, कारण येणार कोण, असं वाटायचं.

आता तुझ्या पत्राबद्दल. मी तुला क्षमा करणारा कोण? तो अधिकार काळेवाडीत आहे. माझ्यापुरतं सांगतो. माझ्या हाताखालून हजारभर मुलं गेली असतील. मी शिकवलेलं कुणी खरोखर वापरलं की नाही, हे मला कधी कळलं नाही. तू वापरलंस. इतकं अचूक वापरलंस की मला ते वाचताना भीती वाटली.

कागद फाडून टाकला. तुझ्याऐवजी वाक्य मी रचून देणार नाही. तू कॅन्टीनमध्ये जे ऐकलंस ते मला मराठीत लिहिलंच आहेस, त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. ते कंपनीत दिलंस तर तुझं काय होईल हे मला समजतं. नाही दिलंस तरी मी तुझी पत्रं तपासत राहीन, हेही सांगतो. अट घालून शिकवणारा मी नाही.

ल. देवणीकर


महाळुंगे,
३० मार्च २०२५

आदरणीय सर,

२८ फेब्रुवारीला मी दुसरा जबाब दिला. मराठीत, नऊ ओळी. खाली इंग्रजीतही लिहिला. त्यात 'ड्युरिंग द लंच ब्रेक' सुरुवातीला ठेवलं आणि 'विदाउट स्टॉपिंग द मशीन' क्लीनच्या मागे ठेवलं. एचआरचे साहेब दोनदा वाचून म्हणाले, "हे डिसेंबरमध्ये का नाही लिहिलंस?" मी म्हटलं, "घाबरले होते." ते म्हणाले, "आता नाही घाबरत?" मी म्हटलं, "आताही घाबरते."

पुन्हा चौकशी झाली. कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावर बसलेले दोघं आता हो म्हणाले. त्यांनीही ऐकलं होतं. अहवाल बदलला. नवनाथभाऊंचा दोष काढला. बरे झाले की त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम देणार आहेत. ज्ञानेश साहेबांची दुसऱ्या प्लांटला बदली झाली. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "मला वरून आकडा मागतात मिनल, तो मी कुठून आणू?" मला त्यांचाही राग येत नाही, हे माझं मलाच कळत नाही.

माझं लीडरपद काढलं, आणि कायम करायचं बाकी होतं तेही रद्द केलं. कारण दिलं की पहिला जबाब अपुरा होता, आणि ते खरंच आहे. परत पार्ट तपासायला उभी आहे, तीही ३० एप्रिलपर्यंत. पुढे कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. लाईनवर ज्यांना ज्ञानेश साहेब आवडायचे ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि ज्यांना नवनाथभाऊ आवडायचे तेही बोलत नाहीत. मी डबा उभ्यानेच संपवते.

अहवाल बदलला त्या दिवशी मी काळेवाडीला गेले. या वेळी यशोदाबाईंनी दार उघडलं. आत बोलावलं नाही. उंबऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "दोन महिने त्यांनी भिंतीकडं तोंड करून काढले. माझाच दोष असंल, म्हणायचे. त्यांना सवतालाच खरं वाटायला लागलं व्हतं. ते दोन महिने तू कुठून आणून देणार?" आत नवनाथभाऊ पलंगावर बसलेले दिसले. त्यांनी मला पाहिलं आणि टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता.

मे महिन्यात कदाचित गावी जाईन. अजून नक्की नाही. या पत्रात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, पण तुम्हाला कळवावं वाटलं.

मिनल


पिंपळे सौदागर,
२२ एप्रिल २०२५

चि. मिनल,

तुला न विचारता एक गोष्ट केली. नवनाथचा पत्ता तुझ्या कंपनीच्या फाटकावर चिठ्ठी लिहून मिळवला. तिथे मला ओंकारने गाडीतून नेलं. मग रिक्षाने मी काळेवाडीला जाऊ लागलो. गेल्या पंधरा दिवसांत सहा वेळा गेलो. तुझा वकील म्हणून गेलो नव्हतो. तुझं नाव पहिल्या दिवशी एकदाच काढलं, ते मी कोण हे सांगण्यापुरतं.

स्टोअरच्या कामाला त्याला खोक्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या लिहाव्या लागणार आहेत. त्याचं शिक्षण आठवीपर्यंत, आणि उजव्या हाताने पेन धरता येत नाही. म्हणून डाव्या हाताने मुळाक्षरांपासून सुरुवात केली. मला ऐकू येत नाही आणि त्याला बोलायचं नसतं, त्यामुळे आमचं जमतं. यशोदाबाई चहा ठेवतात आणि बाजूला बसून बघतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, 'साखर किती?' मी लिहिलं, 'दोन.' त्या घरात माझ्याशी कुणी ओरडून बोलत नाही.

काल त्याने यशोदाबाईंकडे तुझा दुसरा जबाब मागितला. कंपनीने त्याला प्रत दिली होती, पण त्याने ती उघडून पाहिली नव्हती. मराठी भाग त्याने स्वतः वाचला. फार वेळ लागला. मग मला खूण करून थांबवलं आणि एक कागद लिहायला घेतला. मी तपासलेला नाही. लाल पेन खिशातच ठेवलं. सोबत पाठवतो.

ल. देवणीकर


काळेवाडी
२१ एप्रिल

मिनल

डाव्या हातानं लिवतोय. अक्षर वंगाळ येतंय.

तुजा कागद वाचला. मी साहेबाला म्हनलो हात जातो त्यात, ते तू लिवलंस. मी म्हनलो होतो का न्हाई, ह्येच मला कळंना झालं व्हतं. आता कळलं म्हनलो होतो.

राग गेला न्हाई. यशोदाचा पन न्हाई. तू आलीस तर मी काय बोलंन ठावं न्हाई. बहुतेक कायच बोलनार न्हाई. तसंच बसावं लागंल.

चालत असंल तर ये.

नवनाथ